कुस्को : पाहिलेले आणि ऐकलेले



या अभ्यासक्रमाच्या एका जुन्या पुस्तिकेत स्थलनामांविषयीचा घटक होता. तो मीच लिहिला होता. त्यात एक वाक्य असे होते : 'पेरू देशातील कुस्को या नगराच्या नावाचा अर्थ नाभी असा आहे.' तुमच्या आधीच्या कित्येक विद्यार्थ्यांनी हे वाक्य पाठ केले, उत्तरपत्रिकांत उतरवले आणि मी त्यांना त्याबद्दल पूर्ण गुण दिले. आज ते वाक्य मला मागे घ्यायचे आहे. ते सरळ चूक आहे असे म्हणून हात झटकता आले असते तर बरे झाले असते. पण ते चूकच आहे असेही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. माझ्या वाक्यात काहीतरी उणे होते, आणि ते काय होते हे सांगायचे तर तुम्हाला माझ्याबरोबर त्या नगरात यावे लागेल.

लिमा ही पेरूची राजधानी समुद्रकाठी आहे. तेथे भाषाशास्त्राच्या एका परिषदेसाठी गेलो होतो आणि परतण्यापूर्वी चार दिवस हाती ठेवले होते. नोव्हेंबर महिना होता. तिकडे पावसाळ्याची सुरुवात. लिमाहून विमान निघाले आणि तासा-सव्वातासात अँडीज पर्वतराजीतल्या एका खोलगट दरीत उतरले. खोलगट म्हणायचे ते भोवतालच्या डोंगरांच्या मानाने. कुस्कोची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ३,४०० मीटर आहे. आपले कळसूबाई शिखर घ्या, त्यावर दुसरे कळसूबाई ठेवा, तरीही थोडी उंची उरेल. विमानतळावर सामान उचलताच छाती धपापू लागली. या विरळ हवेच्या त्रासाला तेथे 'सोरोचे' म्हणतात आणि त्यावर कोकाच्या पानांचा काढा देतात. मी दोन पेले घेतले. डोके दुखायचे थांबले नाही, पण काढा देणाऱ्या बाईंच्या चेहऱ्यावर इतका विश्वास होता की थांबले असे सांगितले.

त्या नगराची मला इतकी ओढ का, हेही सांगितले पाहिजे. माझा प्रबंध मराठीतील 'म्हणे', 'वाटते', 'असावे' अशा शब्दांवर होता. आपण एखादी गोष्ट सांगतो तेव्हा ती पाहून सांगतो, ऐकून सांगतो की तर्काने, हे भाषा कसे दाखवते, हा त्याचा विषय. या विषयाच्या ग्रंथांत एका भाषेचे नाव पुन्हापुन्हा येते : केचुआ. इंका साम्राज्याचा कारभार जिच्यातून चाले ती ही भाषा. बोलणारे तिला 'रुना सिमि' म्हणतात, म्हणजे माणसांची वाणी. मराठीत 'पाऊस पडतो आहे' हे वाक्य खिडकीतून पाहून म्हणता येते, दूरध्वनीवर कोणाकडून ऐकून म्हणता येते आणि छपरावरच्या आवाजावरूनही म्हणता येते. वाक्य तेच राहते. 'म्हणे' जोडले तर उत्तम, न जोडले तरी व्याकरण अडत नाही. केचुआत मात्र बोलणारा सहसा एक लहानसा प्रत्यय लावून आपली साक्ष कोणत्या प्रतीची आहे ते सांगून टाकतो. 'पाराशान्मि' म्हणजे पाऊस पडतो आहे, मी पाहतो आहे. 'पाराशान्सि' म्हणजे पडतो आहे, म्हणे. 'पाराशान्चा' म्हणजे पडत असावा. भूतकाळातही स्वतः अनुभवलेल्या घटनेचे रूप वेगळे आणि न अनुभवलेलीचे वेगळे. झोपेत काय घडले, स्वप्नात काय पाहिले, तान्हेपणी काय झाले, हे सारे दुसऱ्या रूपात सांगायचे. स्वतःच्या जन्माची हकीकतसुद्धा! विचार केला तर बरोबरच आहे. आपल्या जन्माचे साक्षीदार आपण नसतोच.

हे सगळे मी ग्रंथांतून जाणत होतो. प्रबंधात केचुआची उदाहरणे दिली होती, पण ती भाषा कानांनी कधी ऐकली नव्हती.

पहिला दिवस विश्रांतीत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मार्गदर्शक म्हणून एक तरुणी आली. पर्यटनाचा अभ्यास करणारी, चुणचुणीत, इंग्रजी सफाईदार. तिने थेट हातून रुमियोक नावाच्या अरुंद गल्लीत नेले. या नावाचा अर्थ 'मोठा दगड असलेली'. गल्लीच्या एका बाजूला पूर्वी इंका रोका या राजाचा वाडा होता. आज त्याच्या भिंतींवर आर्चबिशपचा वाडा उभा आहे. खाली काळसर-हिरव्या दगडांची, चुन्याशिवाय रचलेली भिंत, वर पांढरा गिलावा, कोरीव लाकडी सज्जे आणि कौलारू छप्पर. कुस्कोतल्या कित्येक रस्त्यांची मांडणी अशीच आहे : गुडघ्यापासून डोक्यापर्यंत इंका, डोक्याच्या वर स्पेन. या गल्लीतल्या भिंतीत तो प्रसिद्ध बारा कोपऱ्यांचा दगड आहे. शेजारच्या प्रत्येक दगडाने त्याच्यासाठी आपली कड वाकवून घेतलेली. सांध्यात चाकूचे पातेही शिरणार नाही. दगडाला हात लावू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मी समोरच्या भिंतीला टेकून बराच वेळ पाहत राहिलो. भिंत सरळ उभी नाही, किंचित आत कललेली आहे. दारे-कोनाडे वर निमुळते होत जातात. सारी भिंत जणू श्वास आत घेऊन उभी आहे.

'इंकांना दगड मऊ करणारा एका झाडाचा रस माहीत होता,' मार्गदर्शिका म्हणाली. हे वाक्य पुढच्या चार दिवसांत मी तिघांकडून ऐकले. झां-पिएर प्रोत्झेन या वास्तुशास्त्रज्ञाने या प्रदेशात स्वतः दगडावर दगड ठोकून पाहिले आणि कठीण गोट्यांनी ठोकत-ठोकत असे सांधे जुळवता येतात हे दाखवून दिले. म्हणजे रस नव्हता, हात होते, आणि वेळ होता. पण झाडाच्या रसाची गोष्ट प्रवाशांना अधिक आवडते. मी तिला विचारले, 'हे केचुआत सांगायचे तर शेवटी कोणता प्रत्यय लावशील?' ती गोंधळली. मग हसून म्हणाली, 'मला केचुआ समजते, पण मी उत्तर स्पॅनिशमध्येच देते. माझी आजी बोलते.'

तेथून कोरिकांचाला गेलो. हे सूर्याचे मंदिर. नावाचा अर्थ सोन्याचे आवार. १५३२ मध्ये पिझारोने इंका राजा आताउआल्पाला काहामार्का येथे कैद केले, तेव्हा राजाने सुटकेसाठी सोने देऊ केले आणि ते गोळा करण्यासाठी स्पॅनिश माणसे कुस्कोला आली. त्यांनी या मंदिराच्या भिंतींवरचे सोन्याचे पत्रे उचकटून काढले. खंडणी दिल्यावरही राजाला मारण्यात आले. पुढे मंदिर दोमिनिकन पंथाच्या साधूंकडे गेले आणि त्यांनी त्यावर आपला मठ बांधला. आज बाहेरून पाहिले तर एक काळी, गुळगुळीत, गोलाकार वळणारी भिंत दिसते आणि तिच्यावर चर्चची पिछाडी बसवलेली. २१ मे १९५० रोजी मोठा भूकंप झाला. मठाचा बराच भाग कोसळला आणि शतकानुशतके गिलाव्याआड दडलेल्या इंका खोल्या उघड्या पडल्या. दुरुस्ती करताना त्या पुन्हा झाकायच्या की तशाच ठेवायच्या, यावर वाद झाला. आता मठाच्या कमानींच्या चौकात उभे राहिले की चारी बाजूंना त्या निमुळत्या दारांच्या खोल्या दिसतात.

लोरेतो नावाच्या गल्लीतही हीच गोष्ट निराळ्या रूपाने भेटते. तेथे एका हाताला 'आक्यावासी'ची भिंत आहे. सूर्याच्या सेवेसाठी निवडलेल्या मुलींचे हे निवासस्थान. त्या उत्तम वस्त्रे विणत आणि सणासाठी मद्य तयार करीत. त्याच जागी पुढे सान्ता कातालिनाचा जोगिणींचा मठ झाला. बायकांना जगापासून वेगळे ठेवणारी भिंत दोन्ही धर्मांना सारखीच सोयीची वाटली, हे माझे मत. मार्गदर्शिकेने ते ऐकून न ऐकल्यासारखे केले.

नगराच्या मध्यभागी मोठा चौक आहे, प्लाझा दे आर्मास. इंका काळी तो याहून विस्तीर्ण होता आणि त्याला हाउकायपाता म्हणत. त्या चौकात पॅसिफिक किनाऱ्यावरून आणलेली वाळू पसरलेली होती. पोलो दे ओन्देगार्दो या स्पॅनिश अधिकाऱ्याने ती पाहिली, स्थानिक लोक तिला पवित्र मानतात हे त्याच्या ध्यानात आले, आणि ती उपसून त्याने बांधकामाला वापरली. चौकातल्या कॅथेड्रलचे बांधकाम १५६०च्या सुमारास सुरू झाले आणि १६५४ मध्ये संपले. त्याचे दगड नगरावरच्या टेकडीवरील साक्सायवामान या गढीतून उतरवलेले आहेत. आत मार्कोस सापाता या अठराव्या शतकातील स्थानिक चित्रकाराचे 'शेवटचे भोजन' आहे. येशू आणि शिष्य नेहमीच्या जागी बसले आहेत, पण मधल्या ताटात एक भाजलेला प्राणी चारी पाय वर करून पडला आहे. तो 'कुय' आहे, म्हणजे अँडीजमधील घराघरांत पाळला जाणारा गिनीपिग. चित्रकाराने पाहुण्यांसमोर आपल्या घरचे पक्वान्न ठेवले.

याच चौकात १५७२ मध्ये शेवटचा इंका राजा तुपाक आमारू याचा शिरच्छेद झाला. दोनशे वर्षांनी त्याच्या वंशाचा आणि त्याचेच नाव घेणारा पुढारी उठला. त्यालाही येथेच १८ मे १७८१ रोजी कुटुंबासह मारण्यात आले. त्या निकालपत्रात शिक्षा केवळ माणसांना नव्हती. इंकांची वस्त्रे, त्यांची नाटके, त्यांची वाद्ये आणि त्यांची भाषा बंद व्हावी, असेही त्यात होते. मार्गदर्शिका हे सारे सांगत होती आणि मधूनमधून इंग्रजी सोडून स्पॅनिशवर जात होती. 'नुएस्त्रो इंका,' ती म्हणाली, 'नुएस्त्रा कातेद्राल.' आमचा इंका, आमचे कॅथेड्रल. की आपला इंका, आपले कॅथेड्रल?

येथे जरा थांबू या, कारण ही गोष्ट मराठी माणसाला फार लवकर कळते. 'आम्ही जेवायला चाललो' आणि 'आपण जेवायला चाललो' यांतला फरक लहान मूलही चुकत नाही. पहिल्यात समोरचा उपाशी राहतो. स्पॅनिश, इंग्रजी यांना हा फरक सर्वनामात दाखवता येत नाही. केचुआला येतो : 'न्योकायकु' म्हणजे आम्ही, 'न्योकान्चिस' म्हणजे आपण. दोमिंगो दे सान्तो तोमास या धर्मोपदेशकाने १५६० मध्ये स्पेनमधील वायादोलिद येथे केचुआचे पहिले छापील व्याकरण प्रसिद्ध केले, त्यात हा भेद नोंदवलेला आहे. स्वतःच्या भाषेत नसलेली गोष्ट परक्या भाषेत ऐकू येणे ही सोपी बाब नाही. त्याला ती ऐकू आली. आपल्याकडे गोव्यात फादर स्टीफन्स यांनी कोंकणीचे व्याकरण रचले, ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले. धर्मप्रसारासाठी व्याकरण लिहिणारी ही माणसे मला नेहमीच कोड्यात टाकतात. श्रोत्यांचे देव बुडावेत म्हणून ते त्यांची क्रियापदे इतक्या मायेने जपत होते.

१५६० साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी वीस वर्षांचा एक तरुण कुस्को सोडून स्पेनला निघाला. वडील स्पॅनिश सरदार, आई चिम्पु ओक्यो ही इंका राजकुलातली. वडिलांनी तिच्याशी विवाह केला नाही. पुढे एका स्पॅनिश स्त्रीशी केला. हा मुलगा म्हणजे इंका गार्सिलासो दे ला वेगा. त्याचे घर कुस्कोत आहे, तेथे आता संग्रहालय आहे. तो पुन्हा कधी परतला नाही. उतारवयात त्याने इंकांचा इतिहास लिहिला, तो १६०९ मध्ये लिस्बन येथे प्रसिद्ध झाला. आईच्या वडीलधाऱ्या आप्तांच्या तोंडून बालपणी ऐकलेल्या कथा, आईची भाषा, आणि स्पॅनिश लेखकांनी त्या भाषेच्या उच्चारांत केलेल्या चुकांची दुरुस्ती, हे सारे त्या ग्रंथात आहे. १७८१च्या उठावानंतर त्या ग्रंथावरही बंदी आली. १६१६ मध्ये तो कोर्दोबा येथे वारला. १९७८ मध्ये त्याच्या अस्थींचा काही भाग कुस्कोला आणून कॅथेड्रलला लागून असलेल्या छोट्या चर्चमध्ये ठेवण्यात आला. मी तेथे काही मिनिटे उभा राहिलो. कुस्को म्हणजे नाभी, हे जगाला सांगणारा लेखक तोच. मी ज्या पुस्तकातून ते वाक्य उचलले, त्या पुस्तकाने ते कोठून तरी उचलले होते, आणि ती साखळी मागे जात-जात याच माणसापाशी येते.

आता त्या वाक्यातली अडचण पाहा. केचुआत नाभीला 'पुपु' म्हणतात. 'कुस्को' किंवा 'कोस्को' हा शब्द केचुआत नाभी या अर्थाने नाही. गार्सिलासोला हे अर्थातच माहीत होते, म्हणून त्याने लिहिले की हा शब्द इंकांच्या खासगी भाषेतला आहे. अलीकडे पेरूतील थोर भाषाशास्त्रज्ञ रोदोल्फो सेर्रोन-पालोमिनो यांनी या नावाचा उगम शेजारच्या आयमारा भाषेत शोधला. सोळाव्या शतकातील बखरींत इंकांच्या मूळपुरुषांची कथा आहे. चार भाऊ आपल्या बायका-बहिणींसह राहण्यासाठी भूमी शोधत निघाले. आयार औका नावाच्या भावाला पंख फुटले. तो उडत जाऊन एका खुणेच्या दगडावर बसला, तेथेच दगड झाला आणि त्याने ती भूमी आपल्या कुळासाठी अडवली. सेर्रोन-पालोमिनो यांच्या मते नगराचे नाव त्या दगडाचे आहे : घुबडाचा दगड, घुबड बसले तो दगड. हा लेख मी परिषदेच्या वेळी लिमात वाचला. माझ्या घटकाला तोवर बरीच वर्षे झाली होती.

नगराच्या नावाचा वाद एवढ्यावर थांबत नाही. १९९० मध्ये नगरपालिकेने मूळ उच्चाराला जवळ म्हणून 'कोस्को' हे लेखन स्वीकारले. तरी दुकानांच्या पाट्यांवर, तिकिटांवर 'कुस्को'च दिसते. तेथील एका भोजनालयात मी दोन्ही रूपे एकाच खाद्यसूचीवर पाहिली.

तिसऱ्या दिवशी साक्सायवामानला चढलो. तीन पायऱ्यांत नागमोडी वळत जाणारी ती तटबंदी पाहिल्यावर बोलणे आपोआप थांबते. काही दम लागल्यामुळे, काही दगडांमुळे. सर्वांत मोठे दगड शंभर टनांहून जड आहेत. १५३६ मध्ये मांको इंकाने कुस्कोला वेढा घातला तेव्हा येथे घनघोर लढाई झाली. पिझारोचा भाऊ हुआन तिच्यात मारला गेला. युद्ध संपल्यावर स्पॅनिश लोकांनी ही गढी दगडांची खाण म्हणून वापरली. माणसांना हलवता येतील तेवढे दगड गेले, हलवता येईनात ते राहिले. आज जे भव्य वाटते ते, खरे तर, न नेता आलेले आहे. दरवर्षी २४ जूनला येथे इंती रायमी हा सूर्याचा उत्सव होतो. तो प्राचीन काळापासून अखंड चालत आला आहे असे वाटते, पण बंद पडलेला हा उत्सव १९४४ मध्ये पुन्हा सुरू झाला, तोही गार्सिलासोच्या वर्णनाच्या आधाराने. संवाद केचुआत असतात. हजारो प्रेक्षकांपैकी बहुतेकांना ते समजत नाहीत.

वरून नगर दिसते. मार्गदर्शिका म्हणाली, 'नगराचा आकार प्युमाचा आहे. आपण त्याच्या डोक्यावर उभे आहोत.' मी खूप प्रयत्न केला. लाल कौलांचा समुद्र दिसला, दोन चर्चचे मनोरे दिसले, प्युमा दिसला नाही. काही अभ्यासकांच्या मते प्युमा हे नगराच्या आकाराचे वर्णन नव्हतेच. नगरातील माणसांच्या एकत्र असण्याची ती उपमा होती.

शेवटच्या दिवशी मी तिला म्हणालो, 'तुझ्या आजींना भेटता येईल का?' आजी सान पेद्रोच्या मंडईत पाव विकत असत. कुस्कोजवळ ओरोपेसा हे गाव पावासाठी प्रसिद्ध आहे. तेथले मोठे, चपटे, गोडसर पाव त्यांच्यासमोर रचलेले होते. डोक्यावर उंच पांढरी टोपी, दोन वेण्या, पाठीवर रंगीत विणलेले वस्त्र. मंडईत विकणाऱ्या बाईला 'कासेरिता' अशी लाडिक हाक मारतात. मीही मारली आणि ठरवले की पाव केचुआत मागायचा.

केचुआच्या कुस्को बोलीत 'तान्ता' म्हणजे गोळा केलेले, 'थान्ता' म्हणजे जीर्ण, फाटके. आणि तिसरा शब्द, ज्यातला 'त' कंठ मिटून, श्वास अडवून फटकन सोडायचा, त्याचा अर्थ पाव. पहिले दोन आपल्याला फुकट मिळतात. त-थ आपल्या वर्णमालेतच आहेत. तिसरा मी पंचवीस वर्षे वर्गात फळ्यावर लिहून दाखवत आलो होतो. मंडईत तोंड उघडले आणि निघाला तो 'थान्ता'. आजी खुदकन हसल्या. नातीने भाषांतर केले : 'आजी म्हणते, इतक्या लांबून चिंध्या घ्यायला आलात काय?' मग त्यांनी तो शब्द मला चार वेळा म्हणून दाखवला. पाचव्या वेळी मला जमला असावा, कारण पाव मिळाला.

बोलता-बोलता कळले की आपल्या मुलाशी, म्हणजे या मुलीच्या वडिलांशी, त्या जाणूनबुजून स्पॅनिशच बोलत; शाळेत त्याला कोणी हसू नये म्हणून. केचुआला पेरूने १९७५ मध्ये राजभाषेचा दर्जा दिला. २०१७च्या जनगणनेत ३७ लाखांहून अधिक लोकांनी ती मातृभाषा म्हणून सांगितली. ही संख्या मोठी आहे. पण त्या पावांच्या राशीपलीकडे आजी आणि अलीकडे नात उभी होती, आणि मधली पिढी त्या भाषेतून उठून गेली होती.

मग मी नातीकरवी विचारले : 'आजी, कोस्को या नावाचा अर्थ काय?'

आजींनी पाव रचता-रचता एक वाक्य म्हटले. त्यातला शेवटचा शब्द मला स्वच्छ ऐकू आला : 'पुपुन्सि.' नातीने भाषांतर केले : 'आजी म्हणते, कोस्को ही जगाची नाभी आहे.'

मी म्हणालो, 'नाही. पुन्हा विचार.' आजींनी पुन्हा तेच म्हटले. 'पुपु' म्हणजे नाभी. 'न्' म्हणजे तिची, जगाची. आणि 'सि'. नाभी आहे, म्हणे. त्या बाईंनी आपल्या गावाच्या नावाचा अर्थ सांगतानाही, जो गावातल्या प्रत्येक पाटीवर, प्रत्येक मार्गदर्शकाच्या तोंडी आहे, तो सांगतानाही, हे मी ऐकलेले आहे, पाहिलेले नाही, असे नोंदवून ठेवले होते. नातीने केचुआतून इंग्रजीत आणताना तेवढेच एक अक्षर गळाले. तिचा दोष नव्हता. इंग्रजीत ते अक्षर ठेवायला आयती जागा नाही.

मराठीत जागा आहे. तरी माझ्या घटकात ते नव्हते.

त्या क्षणी मला जे आठवले ते सांगण्यासाठीच खरे तर हा लेख लिहायला घेतला. बऱ्याच वर्षांपूर्वी एका अभ्यासकेंद्रावर मी स्वाध्याय तपासत असे. एका विद्यार्थ्याने, वयाने तो माझ्याहून थोडा मोठाच होता, एस. टी.त वाहक होता, लिहिले होते : 'कुस्को या नावाचा अर्थ नाभी असा आहे, असे म्हणतात.' मी 'असे म्हणतात' या शब्दांखाली लाल रेघ ओढली, समासात लिहिले 'मोघम लिहू नये', आणि अर्धा गुण कापला. पुढच्या संपर्कसत्राला तो वही घेऊन आला. भांडायला नव्हे. म्हणाला, 'सर, आपण कुठं तिथं गेलोय? म्हणून लिहिलं म्हणतात.' मी म्हणालो, 'पुस्तकात दिले आहे ना? मग म्हणतात कशाला?' तो 'बरं' म्हणाला आणि वही मिटून मागच्या बाकावर जाऊन बसला.

'आपण' म्हणाला होता तो. 'मी' नव्हे. मलाही त्यात धरले होते. 'म्हणे' या शब्दावर प्रबंध लिहिलेल्या माणसाला त्या दिवशी त्यातले काहीच ऐकू आले नाही.

त्याचे नाव माझ्याजवळ नाही. जुन्या पुस्तिकेची प्रत ज्यांच्याकडे असेल त्यांनी स्थलनामांच्या घटकातले ते वाक्य काढावे आणि त्याच्या शेवटी 'असे म्हणतात' हे शब्द हाताने लिहावेत. छापलेल्या ओळीपुढे तेवढी जागा आहे; मी माझ्या प्रतीत लिहून पाहिले.

मंडईच्या पत्र्यावर तडतड सुरू झाली होती. आजींनी पावांवर प्लास्टिकचा कागद ओढला. मी नुकताच तर्काचा प्रत्यय लावून वाक्य जुळवू लागलो होतो. आजी मात्र उठल्या, दारापर्यंत गेल्या, हात बाहेर काढून पाहिला आणि ओला तळवा झटकत परत आल्या.

'पाराशान्मि,' त्या म्हणाल्या.